म्हाळूविराची खोळ

नवनाथ टेळेनं देवाच्या अंगावर कॉस्टिक सोडा ओतला, त्याला मुळात पुस्तकं जबाबदार आहेत, असं त्याच्या बायकोचं, सुषमाचं, मत आहे. नवनाथला ते मान्य नाही. त्याच्या मते रस्ता जबाबदार आहे. त्याच्या आईच्या, अनसाबाईच्या, मते कोण जबाबदार आहे, ते तिनं बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही.

पुस्तकांचं असं झालं, की दौंडला एका मंगल कार्यालयात किलोवर पुस्तकं विकायला आली होती. नवनाथ नदीपलीकडच्या एका साखर कारखान्यात स्टोअरकीपर. उभा जन्म नटबोल्ट, बेअरिंगं आणि ग्रीसच्या डब्यांत गेलेला. माल वजनावर घ्यायचा, हे त्याला एकदम पटलं. आणि वजनावरच घ्यायचं तर हलकं कशाला घ्या, म्हणून त्यानं हाताला सगळ्यात भारी लागली ती पुस्तकं उचलली. घरी आल्यावर कळलं, की जाड चकचकीत कागद आणि रंगीत फोटो ही चैन प्रकाशक फक्त दगडांसाठी करतात. लेणी, बारवा, वीरगळ, सतीशिळा, कुठल्याशा माळावरची शिळावर्तुळं. लिहिणाऱ्यांनी मोठ्या मायेनं लिहिलेलं होतं. पानापानावर वाचकाला बजावलेलं होतं, की तुमच्या गावातही असा एखादा दगड उपेक्षित पडला असेल, जरा डोळे उघडून बघा.

नवनाथनं डोळे उघडले, ते मिटायलाच तयार होईनात. न्हाणीपाशी असलेला धुण्याचा दगड उलटा केला तर त्याला खालून कमळाची पाकळी दिसली. ती त्याला एकट्यालाच दिसत होती, पण त्यानं त्या दगडावर धुणं बंद केलं. "मग कपडे तुमच्या पुस्तकांवर आपटू का?" असं सुषमानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दगड पुन्हा पालथा करून धुणं चालू ठेवलं. कारखान्यात चीफ केमिस्टच्या केबिनचं दार अडवायला एक दगड ठेवलेला होता. तो अश्मयुगातली हातकुऱ्हाड आहे अशी खात्री पटल्यावर नवनाथनं तो पिशवीत घालून घरी आणला. चीफ केमिस्टनं काही काळ दार आपटून घेतलं आणि मग शिपाई पाठवून कुऱ्हाड परत नेली. शिपाई जाताना म्हणाला, "साहेब म्हणले, स्टोअरकीपरनंच माल न्यायला लागल्यावर कसं हुयाचं?" हे वाक्य नवनाथला लागलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यानं कारखान्याचा एक वायसर घरी नेला नव्हता.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग रस्ता आला.

मांडवगण फराट्याहून नदीकडे जाणारा रस्ता रुंद होणार, मध्ये डिव्हायडर येणार, असं ठरलं. रस्त्याच्या कडेलाच टेळेवस्ती. आणि टेळेवस्तीच्या बांधावर, अगदी रस्त्याला टेकून, दोन गोष्टी होत्या. एक म्हाळूवीर. म्हाळू टेळे हा यांचा कितव्या तरी पिढीचा पूर्वज. घराणं मेंढरं घेऊन हिंडत होतं तेव्हा या जागी तो लांडग्यांशी झुंजताना मेला, आणि तिथं कमरेएवढा दगड उभा राहिला. दगड असा कुणी पाहिलेला नव्हता. पिढ्यान् पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर चढून त्याचा एक तांबडा, गोल, बिननाकाचा गोळा झालेला होता. दुसरी गोष्ट म्हणजे नवनाथच्या वडिलांची, म्हस्कूआबांची, समाधी. टेळ्यांत म्हाताऱ्या माणसाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. समाधीच्या शेजारी एका माणसापुरती मोकळी जागा राखलेली होती. ती अनसाबाईची. तिनं एकदा भर दुपारी स्वतः तिथं आडवं पडून जागा बघितली होती आणि उठल्यावर पदर झटकत म्हणाली होती, "पाय आखडावं लागत न्हाईत. बरं हाय."

आता ती ऐंशीच्या पुढं होती. गुडघे गेलेले, बीपीच्या गोळ्या चालू. जगात तिची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच जागा उरली होती, आणि तिच्यावर एक दिवस चुन्याची रेघ पडली.

खरं सांगायचं तर रेघ पक्की नव्हती. मोजणीवाले शंकरराव एका आठवड्यात या बाजूनं चुना टाकत, दुसऱ्या आठवड्यात पलीकडच्या पडीक बाभळवनातून. जुन्या रस्त्याची हद्द नक्की कुठून धरायची याचा त्यांना पत्ता लागत नव्हता. चहा पिता पिता ते नवनाथला म्हणालेही होते, "साहेबांचा कल पलीकडंच आहे. तिकडं काही नाही, भांडण नाही. तुम्ही गप बसा."

गप बसणं एवढंच नवनाथला करायचं होतं. पण ज्या माणसाकडे नऊ किलो पुरातत्त्व आहे, त्यानं गप कसं बसावं?

शिवाय मल्हारी होता. मल्हारी म्हणजे चुलतभाऊ, शेजारचंच घर, गावात सिमेंटचं दुकान. सल्ला देण्यासाठी त्याला विषय लागत नसे.

"दादा, देवळासाठी रस्ता वळायचं दिवस गेलं," तो म्हणाला. "आता देऊळच उचलून बाजूला ठेवत्यात. समाधीचं तर नावच काढू नगा. पण पुरातत्त्व म्हणलं की सरकार गार. आपला म्हाळू वीरगळ हाय म्हणून अर्ज टाका. रस्ता आपसूक पल्याड जातोय का न्हाई बघा."

नवनाथनं अर्ज टाकला. तालुक्याच्या कचेरीतल्या माणसानं तो दोनदा वाचला आणि विचारलं, "यात अतिक्रमण कोणाचं आहे?" अतिक्रमण कुणाचंच नाही, हे ऐकून त्याचा रस गेला. दगड महसुलात येत नाहीत, पुण्याला जा, असं तो म्हणाला. पुण्याच्या कचेरीत विचारलं, की दगड यादीत आहे का. यादीत नसलेला दगड हा स्मारक नसतो, नुसता दगड असतो. यादीत घालायचा तर जाणकाराचा अभिप्राय पाहिजे. ज्या रस्त्याच्या कचेरीत त्यानं एकापाठोपाठ पाच अर्ज दिले होते, तिनं मात्र कळवलं, की आपली हरकत मिळाली, सर्व संबंधितांसमक्ष जागेवर पाहणी करू. नवनाथला वाटलं, गाडी रुळावर आली.

जाणकार म्हणून त्याला राजश्री ओव्हाळ आठवल्या. दौंडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या, आणि त्या नऊ किलोंतलं जे पुस्तक त्यानं तीनदा वाचलं होतं, ते त्यांचंच होतं. फोनवर त्यांचा आवाज पुस्तकातल्यापेक्षा कोरडा निघाला.

"फोटो पाहिला. यात शेंदूर दिसतोय, दगड दिसत नाही."

"पण आत वीरगळ आहे मॅडम. आमचा पूर्वज आहे तो."

"पूर्वज असतील. पण कोरीव काम पाहिल्याशिवाय मी वीरगळ म्हणून लिहून देणार नाही. शेंदूर आपोआप सुटला तर बघू. तुम्ही मात्र काही करू नका."

शेंदूर आपोआप सुटतो, हे खरं आहे. थर फार झाले की कधी तरी सगळं कवच एकदम गळून पडतं. देवानं खोळ टाकली, असं लोक म्हणतात. मग त्या खोळीची मिरवणूक काढतात, ती नदीत सोडतात, देवाला घोंगडं पांघरतात आणि अमावास्येला नवा शेंदूर चढवतात. तोवर उघड्या देवाकडे बघायचं नाही. खोळ टाकणं ही देवाची मर्जी. माणसानं नख लावलं तर भावकी त्याला वाळीत टाकेल. म्हाळूनं आजवर कधी खोळ टाकल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि पाहणी सोमवारी होती.

उसाचा रस आटवायच्या भांड्यांच्या नळ्यांत दगडासारखी खपली धरते. ती काढायला कारखान्यात कॉस्टिक सोडा उकळून सोडतात. हे नवनाथला कसं आठवलं, ते त्यालाही सांगता येत नाही. शनिवारी सुटताना त्यानं थोडा कॉस्टिक डब्यात घेतला. रबरी हातमोजे घेतले नाहीत, कारण हातमोज्यांची नोंद करावी लागते.

रविवारी सगळी भावकी लग्नाला राहू गावाला गेली. अनसाबाई जेवून कलंडली. सुषमाला त्यानं लग्नाला पाठवलं होतं, मुद्दाम आग्रह करून, आणि त्या आग्रहाचा तिला आधीच संशय आला होता. दुपारच्या उन्हात नवनाथनं बादलीत कॉस्टिक कालवला, हात जोडले, "आबा, तुमच्याच जागेसाठी करतोय," असं बापाच्या समाधीकडे बघून म्हणाला आणि बादली ओतली.

शेंदूर तेलातला. तेल आणि कॉस्टिक एकत्र आलं की साबण होतो. देवाला फेस आला. तांबडा, गरम फेस डोक्यावरून खाली ओघळायला लागला, तशी नवनाथची पाचावर धारण बसली. तो फडक्यानं फेस पुसायला गेला आणि दोन्ही तळव्यांची आग आग झाली. ओरडावं तर आई जागी होईल, म्हणून तो नुसता तोंड उघडून उभा राहिला. तेवढ्यात मडकं फुटावं तसा आवाज झाला आणि खोळीचे दोन तुकडे होऊन खाली पडले.

आत लांडगा नव्हता. तलवार नव्हती, घोडा नव्हता, स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा नव्हत्या. आत चांगला घडीव, सरळ धारेचा दगड होता. त्यावर इंग्रजी अक्षरांत शिरूरचं नाव आणि त्याखाली किती मैल त्याचा आकडा होता.

नवनाथनं पुस्तकांतली सगळी चित्रं मनातल्या मनात चाळली. असा पूर्वज कुठं नव्हता.

सावध माणसानं लगेच घोंगडं टाकून वर शेंदूर फासला असता. नवनाथ शेंदूर शोधायला घरात शिरला आणि तेवढ्यात लग्नातल्या जेवणावरून भांडून मल्हारी लवकर परत आला. त्याला बांधावर पडलेली खोळ दिसली. रीत पाळून त्यानं डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच बोंब मारली, "विरानं खोळ टाकली! म्हाळूनं खोळ टाकलीऽ!"

पुढं नवनाथच्या हातात काही उरलं नाही. हात तसेही कामाचे नव्हते. संध्याकाळी सगळी वस्ती जमली. डोळे बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं चाचपत दगडावर घोंगडं पांघरलं. खोळ टोपलीत घालून हलगी लावून भीमेला नेली. अनसाबाई दारात बसून रडत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "माझी जागा राखायला उठला गं म्हाळू! सरकारला सांगाया उठला!" तिला इतकं खुश नवनाथनं कधी पाहिलं नव्हतं. ती रात्रीच्या गोळ्या न सांगता घेऊन झोपली. झोपायच्या आधी तिनं त्याच्या तळव्यांना तूप लावलं आणि विचारलं, "कशानं भाजलं रं?"

"कारखान्यात सांडलं."

"रविवारी?"

नवनाथ म्हणाला, हंगामात रविवार नसतो. हंगाम संपून महिना झाला होता.

त्यानं भावकीला विनवून बघितलं, की शेंदूर आत्ताच चढवू. "दादा, घाई कशाची?" मल्हारी म्हणाला. "अमावास्येशिवाय न्हाई. आन् उद्या साहेब लोक येत्यात, त्यांना बी कळू दे वीर काय चीज हाय." मग नवनाथनं शंकररावांना फोन लावून पाहणी पुढं ढकलायला सांगितलं. शंकरराव दुखावले. "टेळे, माझ्या नोकरीत ठरल्या तारखेला होणारी ही पहिली पाहणी आहे. तुमच्याच पाच अर्जांनी झाली. आता माघार नाही."

सोमवारी सगळे आले. शंकरराव, त्यांचे साहेब, मोजणीची टेप धरणारा चेनमन, आणि राजश्री ओव्हाळ. घोंगडं कुणी काढायचं, यावर थोडी चर्चा झाली. भावकी काढणार नाही, नवनाथचे हात बांधलेले. शेवटी राजश्रीबाईंनीच ते अदबीनं उचललं. टेळ्यांनी झटकन पाठी फिरवल्या. त्यामुळे पहिलं वाक्य सगळ्यांनी पाठमोऱ्यानं ऐकलं.

"टेळे, हा वीरगळ नाही. हा मैलाचा दगड आहे. इंग्रजांच्या काळातला." त्या बोटांनी अक्षरं चाचपत होत्या. मग त्यांचं बोट ओल्या पांढुरक्या ओघळावर थांबलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, नवनाथच्या हातांकडे पाहिलं, आणि घोंगडं त्याच्या बांधलेल्या हातांवर ठेवून त्या बाजूला झाल्या.

शंकररावांना मात्र काय करू नि काय नको झालं. त्यांनी दगडाला अक्षरशः मिठी मारली. "हाच तो! अहो साहेब, नकाशातली खूण ही! आम्ही गेले सहा महिने हिलाच हुडकतोय!" चेनमननं तिथंच टेप लावला. जुना रस्ता दगडापासून आत, टेळ्यांच्या बाजूला होता. बैलगाड्यांनी तो पुढं पलीकडे सरकवला आणि मधली जमीन टेळे आपली म्हणून कसत आले. म्हणजे ती घ्यायचाही प्रश्न उरला नाही. ती आधीपासूनच सरकारची होती.

"आपण खूण उपलब्ध करून दिलीत," साहेब नवनाथला म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हे सगळ्यात वाईट होतं.

अनसाबाई काठी टेकत टेपपाशी आली होती. "साहेब, ही समाधी कशात आली?"

शंकररावांनी बघून सांगितलं, "आजी, डिव्हायडरमध्ये."

"म्हंजी?"

"दोन रस्त्यांच्या मधला ओटा असतो. त्याच्यावर कण्हेर लावतात."

"आन् तिच्या शेजारची जागा?"

"ती पहिल्या लेनमध्ये. गाड्या जातील तिथनं. पण काळजी करू नका, काम सुरू व्हायच्या आधी समाधी हलवता येते."

"त्यो जित्ता हुता तवा बी झोपेतनं उठवल्यालं त्याला खपत नव्हतं," अनसाबाई म्हणाली. "मेंढरामागं जलमभर रस्त्यानंच चालला. ऱ्हाऊ दे रस्त्यात." तिनं काठीचं टोक टेपवर ठेवलं. "काम कवा सुरू हुणार?"

"दिवाळी झाली की."

"त्येच्या आधी कुणी गेलं तर?"

शंकररावांना प्रश्नातलं काही कळलं नाही. "तोवर ताबा तुमचाच, आजी."

"मंग झालं तर. दोघांच्या वरनं करा रस्ता. एकजागी असलं म्हंजी बास."

त्या संध्याकाळपासून तिनं गोळ्या घेणं बंद केलं.

आरडाओरडा नाही, रडणं नाही. ज्याला वेळेत गाडी गाठायची आहे अशा माणसासारखी ती शांतपणे आवरायला लागली. लुगडी वाटली. सुषमाला लोणच्याचं प्रमाण सांगितलं. मल्हारीला बजावलं, की मला मातीला दिवसा ने, रात्री नको, पोरं भितात. म्हाळूविराकडे ती फिरकली नाही. अमावास्येला भावकीनं दगडाला पुन्हा शेंदूर चढवला. मल्हारीचं म्हणणं, दगड सरकारचा असंल, म्हाळू तितंच मेला की. मोजणीवाल्यांनी त्याच दुपारी आकड्यावरचा शेंदूर खरवडून काढला. रीत आणि रस्ता दोन्ही सांभाळत म्हाळू तोंडापुरता उघडा राहिला.

नवनाथ पुन्हा त्याच कचेऱ्यांच्या पायऱ्या चढला. या वेळी अर्ज उलटा होता. काम लांबवा, निदान गुढीपाडव्यापर्यंत, जमलं तर आणखी पुढं. देशातल्या कुठल्याही कचेरीत मंजूर व्हावा असा हा अर्ज. टेबलावरच्या माणसानं तो बाजूला ठेवला. "टेळे, तुमच्यामुळं हद्द मिटली, प्रकरणाला गती आली. काम उलट आधी सुरू होईल." बाहेर जिन्यात बसून नवनाथ पहिल्यांदा रडला. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते. कचेरीच्या जिन्यात रडणारा माणूस तिथं नवा नव्हता.

शिरूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गोळ्या पोटात गेल्या नाहीत तर कधीही काहीही होईल. सुषमा समजावून थकली. सासूनं तिला एकच विचारलं, "तुला तुझ्या माणसाशेजारी जागा मिळंल का? मिळणार असंल तर बोल." सुषमानं गोळ्यांचं पाकीट उचलून परत फळीवर ठेवलं.

तेव्हा नवनाथनं गोळी खलबत्त्यात कुटून गुळाच्या दुधात घातली. हात अजून पुरते बरे नव्हते, बत्ता नीट धरवत नव्हता. पहिल्या दिवशी अनसाबाईनं दूध घेतलं. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर तो रोज पेला घेऊन तिच्यापुढं उभा राहायचा, आणि ती प्यायली की बाहेर जाऊन श्वास सोडायचा.

मग एका सकाळी तिनं पेला तोंडाला लावला आणि खाली घेतला.

"कडू लागतंय."

"म्हशीनं लिंबाचा पाला खाल्ला असंल."

ती अंगणापलीकडे बघत होती. बांधाच्या कडेला मुरमाचे पहिले ढीग येऊन पडले होते. दिवाळी अजून लांब होती.

"नवनाथा," ती म्हणाली, "विराला पाजलंस त्येच हाय का ह्यात?"

नव्या गुलाबी कातडीचे तळवे त्यानं मागं नेले.

"न्हाई आई. हे चांगलं हाय."

"तवा बी चांगल्यासाठीच वतलं हुतंस की."

सुषमा स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथंच थांबली. अनसाबाईनं मुरमाच्या ढिगांकडे पाहिलं, मग लेकाकडे. तिनं पेला उचलला आणि हिशोब सोडून दिल्यासारखी सगळं दूध सावकाश पिऊन टाकलं. पदरानं तोंड पुसून रिकामा पेला त्याच्या हातात दिला.

"उद्या गूळ जास्ती टाक," ती म्हणाली. "आन् जरा हळू कुटत जा. मल्हारीच्या घरापातूर आवाज जातोय."